प्रति: माहेरी आल्यावर अंगणवाडीचा आहार

ताई, बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय आणि नाव सासरच्या अंगणवाडीत म्हणून आहार बंद झाला असं लिहिलंय तुम्ही, पण हक्क कुठे जात नाही हो, नाव पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर असतं आणि ते इकडे हलवता येतं. सासरच्या सेविकाताईंना फोन करून ट्रान्सफर करायला सांगा, इथे परत नवीन नोंदणी नको. आणि 2025 पासून आहाराचं पाकीट देताना चेहरा स्कॅन करतात, स्कॅनच्या आधी केवायसीचा, म्हणजे ओळख पडताळणीचा, ओटीपी आधारच्या मोबाईलवर येतो, आमच्याकडे तो नंबर नेमका नवऱ्याचा असतो आणि तो कामावर, बाई बिचारी पोट सांभाळत उन्हात उभी, फार वाईट वाटतं बघून. म्हणून भाऊजींना आधीच सांगून ठेवा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे पण बघा, पहिल्या बाळाला 5000 रुपये, त्यातले 3000 गरोदरपणात नोंदणी आणि तपासणी झाली की आणि 2000 जन्मनोंद अन् बाळाच्या लसींचे पहिले डोस झाल्यावर, दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000. खातं तिच्याच नावाचं, आधार लिंक हवं. माता बाल संरक्षण कार्ड सासरी राहिलं असेल तर आजच मागवून घ्या.