विद्यार्थी परिषदेवर आहे; शिष्यवृत्तीचा मदत कट्टा नीट कसा चालवायचा?

बाकावरचा_शेवटचा

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या ठिकाणचं अनुदानित कॉलेज, कला-वाणिज्य-विज्ञान. यंदा विद्यार्थी परिषदेवर आहे. परिषद म्हणजे गॅदरिंग, क्रीडा सप्ताह आणि फ्लेक्स अशी समजूत घेऊनच बहुतेक जण येतात, मीही त्यातलाच. पण पहिल्या वर्षाचा हजेरीपट आणि दुसऱ्या वर्षाचा हजेरीपट शेजारी ठेवला की गाळलेली नावं दिसतात. त्यात नापास झालेले थोडे. कागद अडकलेले, फी थकलेली, खोलीभाडं न झेपलेले जास्त. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांतल्या एकाच्या घरी सगळे दाखले फाइलमध्ये लावलेले असतात, दुसऱ्याला तहसील कचेरीत कुठल्या खिडकीवर जायचं तेही सांगणारं कुणी नसतं. गुणपत्रिकेत हे कुठेच दिसत नाही.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस मदत कट्टा सुरू करायचाय. विचारायचं असं:

अर्ज नेमके कुठे अडकतात आणि आधी काय तपासायचं? जात पडताळणीत आपण काही करू शकतो का? मराठी माध्यमातून आलेल्यांचं पहिल्या सत्रात जे पाणी होतं त्यावर काय? आणि शेवटचं, जरा संकोचानेच विचारतो: सगळं अंगावर घ्यायची सवय आहे. ती मोडून काम कसं वाढवायचं?

टेबल_क्रमांक_दोन

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज उघडण्याआधी चार गोष्टी बघा, नाहीतर अर्ज भरून होतो आणि पैसे येत नाहीत.

सगळ्यात आधी बँक खातं. मुलं पासबुक दाखवून सांगतात, 'आधार लिंक आहे'. ते केवायसीपुरतं असतं. शिष्यवृत्ती आधार क्रमांकावर जमा होते आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत त्या आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथेच जाते. अर्जात कुठलं खातं लिहिलंय याला तिथे किंमत नाही. नवं सिम घेताना किंवा कुणाच्या आग्रहाखातर दुसरीकडे शून्य शिलकीचं खातं उघडलं आणि संमतीवर अंगठा दिला, की जोडणी तिकडे सरकते. मग 'पैसे आलेच नाहीत' म्हणून वर्षभर बोंब, आणि रक्कम विसरलेल्या खात्यात पडून. आधारच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओटीपी टाकून बँक सीडिंगची (म्हणजे या जोडणीची) स्थिती दिसते, दोन मिनिटांचं काम आहे. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द, दोन्ही वाचायचे. जोडणी बदलायची तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं की पुन्हा केवायसीच करून देतात.

त्याला जोडून आणखी एक. पूर्ण केवायसी नसलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात शिल्लक ५०,००० च्या वर आणि वर्षभरातली जमा १ लाखाच्या वर जाऊ शकत नाही. सरकारी अनुदान जमा होताना शिलकीची मर्यादा धरत नाहीत, पण वर्षाच्या जमेच्या मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमाची मोठी फी अडकू शकते.

मोबाइल क्रमांक. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकतो. अर्ज त्रुटीसाठी परत आला की मेसेज त्याला जातो, मुलाला पत्ताच नाही. प्रोफाइल उघडून ही ओळ आधी वाचा.

नाव. आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांतलं स्पेलिंग जुळत नसेल तर दहावीचं प्रमाण मानून आधार दुरुस्त करा, उलटं करू नका. बोर्डाकडची दुरुस्ती लांबते. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा अर्ज टाकण्यापूर्वी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

उत्पन्नाचा दाखला. एकाच वर्षाच्या उत्पन्नाचा असेल तर ३१ मार्चला संपतो. जुलैत गर्दी होते, म्हणून एप्रिल-मे मध्येच काढायला लावा. तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, लोकांच्या तोंडी तलाठीच) अहवाल, शिधापत्रिका, असल्यास सातबारा, स्वयंघोषणापत्र. आपले सरकार केंद्रावरची पावती जपायची. तिच्यावर तारीख असते, आणि मुदत उलटली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. पावती नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

राहता राहिला 'हॉस्टेलर' की 'डे स्कॉलर'. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (उत्पन्न मर्यादा २.५ लाख) साध्या पदवीला वसतिगृहातल्याला वर्षाला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,०००, व्यावसायिक पदवीला १३,५०० आणि ७,०००. खरा वसतिगृहातला मुलगा चुकून 'डे स्कॉलर' निवडतो आणि निम्म्याच्या आसपास घालवून बसतो. भाड्याच्या खोलीवाल्याने मात्र मनाने 'हॉस्टेलर' लिहू नये, प्रमाणपत्र मागतात.

मोडीवाचक

जात पडताळणीत कट्ट्याचा उपयोग एवढाच की वेळेआधी जागं करणं. निकाल समितीचा.

वर पुष्कळ आलंय म्हणून थेट मुद्द्यावर. जुना पुरावा कुठल्या तारखेआधीचा हवा हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. मुलं स्वतःचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतात. वडील १९७५ ला शाळेत गेले असतील तर त्या कागदाने भागत नाही. आजोबा, चुलत आजोबा, पणजोबा असं वर चढावं लागतं.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर? इथेच बहुतेक जण हात टेकतात. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजोबांच्या भावाचं नाव सापडू शकतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंद असते, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक. बऱ्याच नोंदी मोडी लिपीत असतात, त्याचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. 'मोडीत आहे, वाचता येत नाही' म्हणून कागद तिथेच सोडून येऊ नका, तोच कधी कधी सगळ्यात भक्कम निघतो.

वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरंच हलकं होतं. पण वंशावळीत ते नातं शपथपत्रावर नीट उतरलं पाहिजे. आजोबांचं नाव एका कागदावर 'रामा', दुसऱ्यावर 'रामजी', तिसऱ्यावर 'रामचंद्र' असेल तर तिन्ही एकच व्यक्ती असल्याचा खुलासा आधीच जोडा. न जोडल्यास त्रुटी निघते आणि महिने जातात.

कॉलेजकडून लागतं ते प्राचार्यांच्या सहीचं १५-अ नमुन्यातलं पत्र. परिषदेने कार्यालयाशी बोलून त्याचा एक ठरावीक वार लावून घ्यावा. आणि तुमच्याकडे ज्युनियर कॉलेज असेल तर खरं काम तिथे, अकरावीत. बारावीच्या निकालानंतर अर्ज टाकणाऱ्याला प्रवेशाची तारीख गाठताना फेस येतो.

बाकावरचा_शेवटचा

बँकेच्या जोडणीचं डोक्यातच नव्हतं. दोन शंका. खोलीभाड्याचं काय, वसतिगृहात नंबर न लागलेल्यांनी? आणि अर्ज आम्हीच लॅबमध्ये बसून भरून दिले तर लवकर उरकेल ना?

टेबल_क्रमांक_दोन

खोलीभाड्यासाठी प्रवर्गानुसार योजना वेगळी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, इतर मागास व भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. या शेवटच्या आकड्यात भोजन २५,०००, निवास १२,००० आणि निर्वाह ६,००० असे भाग आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी ती आहे, त्याच गावचा रहिवासी चालत नाही. पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात. जूनचं भाडं त्यातून द्यायचा हिशेब कुणी करू नये, हे स्पष्ट सांगा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही. अजिबात नाही.

ठराव_अनुमोदन

वरच्या 'अजिबात नाही'ला अनुमोदन, कारणांसकट.

माउस मुलाच्याच हातात. तुम्ही शेजारी, खुर्ची अर्धा हात मागे. पासवर्ड तो टाकेल, ओटीपी तो वाचेल, त्याच्याच वहीत लिहील. तुम्ही भरून दिलात तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तो पुन्हा तुमच्याकडे येणार, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसणार. शिवाय चूक झाली तर खापर परिषदेवर. कुणाच्या आधारची प्रत, जातीचा दाखला, पासवर्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही. 'खालील विद्यार्थ्यांचे अर्ज अपूर्ण' अशी प्रवर्गासह यादी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं तर गुन्ह्यासारखंच समजा. जात लपवून वर्गात वावरणारी मुलं अजून आहेत, आणि त्यांना तसं का वाटतं हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही. बोलवायचं ते एकेकट्याला, फोनवर.

आता 'सगळं अंगावर घेतो' त्याबद्दल. तो गुण वाटतो, पण नेतृत्वातली ती कच्चीच बाजू आहे. लोक तुमचं नाव घेतात आणि काम तुमच्यापाशी अडतं. एक साधी कसोटी: पंधरा दिवस तुम्ही गावी गेलात तर कट्टा चालेल का? चालत नसेल तर तो कट्टा नाही, तुमची वैयक्तिक सेवा आहे.

करायचं असं. पाच जण घ्या, त्यात निदान दोघं पहिल्या वर्षाची आणि निदान दोन मुली. (मुलींचे कितीतरी प्रश्न मुलांच्या टेबलापर्यंत येतच नाहीत. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. बारावीतल्या धाकट्या बहिणींपर्यंत ती बातमी पोचवायला मुलगीच हवी.) प्रत्येकाला एकच विषय: एक बँक जोडणी बघेल, एक उत्पन्नाचे दाखले, एक पडताळणी, एक वसतिगृह, एक नोंदवही. नोंदवहीत पाच रकाने पुरे: तारीख, हजेरी क्रमांक, अडचण काय, पुढचं पाऊल कुणाचं, कोणत्या तारखेपर्यंत. 'पुढचं पाऊल कुणाचं' हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो आणि मग सगळी पावलं अध्यक्षाचीच होतात.

महिनाअखेरीस वहीतल्या अडचणी मोजा. एकाच तऱ्हेची अडचण वीस जणांची असेल तर ती त्या वीस जणांची चूक नव्हे, व्यवस्थेतली खोट आहे, आणि तिची जागा कट्ट्यावर नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात. वर्षातून चार बैठका तरी व्हायला हव्यात. तिथे लेखी विषय द्या. 'विद्यार्थ्यांना त्रास होतो' असं लिहिलं तर 'नोंद घेतली' एवढंच मिळतं. 'शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी पूर्ण फी मागितली जाते, इतके विद्यार्थी, अमुक तारखा' असं लिहा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद याचसाठी आहे, आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून. तिचा उल्लेख करा. आवाज न चढवता, कागद पुढे सरकवून.

उजळणी

इंग्रजीचा प्रश्न राहिलाच. थोडक्यात.

विषय येत नाही असं नसतं, प्रश्न कळत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला अपवर्तनांक माहीत असतो, 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स' ऐकल्यावर ती जुनी ओळखच आहे हे कळायला सहा आठवडे जातात, तोवर पहिली चाचणी होऊन जाते. म्हणून इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेऊ नका, त्यात सत्र जातं आणि हाती काही लागत नाही. प्रत्येक विषयाचे ४०-५० शब्द घ्या, डावीकडे शालेय मराठी संज्ञा, उजवीकडे कॉलेजातली, देवनागरीत उच्चारासकट. दुसरा कागद प्रश्नपत्रिकेतल्या क्रियापदांचा: स्टेट, डिफाइन, डिराइव्ह, जस्टिफाय, डिस्टिंग्विश. प्रत्येकासमोर 'इथे किती ओळी आणि काय अपेक्षित'. 'स्टेट'ला दीड पान लिहून 'डिराइव्ह'ला वेळ न उरणं ही नेहमीची तऱ्हा.

चार-पाच जणांचा गट, ४५ मिनिटं, तासिका सुटल्यावर लगेच. संध्याकाळी ठेवाल तर शेवटच्या एसटीवाले गळतात, आणि गरज त्यांनाच जास्त असते. मागच्या वर्षीचा एकच प्रश्न घ्यायचा, आधी मराठीत तोंडी सोडवायचा, मग इंग्रजीत लिहायचा. शिकवायला टॉपर आणू नका, तो भराभर पुढे पळतो. मराठी माध्यमातूनच आलेला दुसऱ्या वर्षाचा पास झालेला कुणीही चालेल.

गटाला 'कमकुवत विद्यार्थ्यांचा वर्ग' वगैरे नाव दिलंत तर दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. सूचनाफलकावर नुसतं लिहा: 'भौतिकशास्त्र, खोली अमुक, १.१५'.

बाकावरचा_शेवटचा

आभार. सोमवारी पाच जणांची नावं आणि पाच रकान्यांची वही, एवढंच करतो. बँक जोडणीचं पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे देतोय. एसटीच्या वेळा विचारून गटाची वेळ तीच ठरवेल म्हणाली.

मोडीवाचक

वही शाईच्या पेनाने लिहू नका, बॉलपेन वापरा. पावसाळ्यात दप्तरात भिजली की मागचं वर्ष गेलं.