रेटिंग सेक्टरच्या आतलंच असतं

तुम्ही म्हणताय की मे २०२२ मध्ये टेस्लाला एस अँड पी ५०० च्या ईएसजी (म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून कंपन्या निवडणाऱ्या) इंडेक्समधून काढलं आणि एक्झॉन मोबिल मात्र राहिली, म्हणजे सगळा बनाव आहे. बनाव नाही हो, तिथे तुलना त्या त्या इंडस्ट्री ग्रुपमध्येच होते, टेस्ला गाडीवाल्यांशी आणि एक्झॉन तेलवाल्यांशी. एमएससीआय या दुसऱ्या रेटिंगवाल्या कंपनीचं एएए (सगळ्यात वरचं) ते सीसीसी (सगळ्यात खालचं) रेटिंग पण तसंच.

मला खरी अडचण वाटते ती सेक्टरच्या आतली. सिमेंट घ्या, तिथे निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, त्यामुळे सोलर कितीही लावा तो भाग हलत नाही, क्लिंकरचं, म्हणजे चुनखडी भाजून मिळणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांचं, प्रमाणच कमी करावं लागतं. आता एक कंपनी क्लिंकर स्वतः भाजते आणि दुसरी बाहेरून विकत आणून नुसतं दळते, तर दुसरीचा स्कोप १ (म्हणजे थेट स्वतःचं उत्सर्जन) एकदम स्वच्छ दिसणार, कारण तिचं उत्सर्जन स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांसारख्या इतरांकडे होणाऱ्या उत्सर्जनाच्या खात्यात, गेलेलं असतं!! रिपोर्ट छान गुळगुळीत आणि धूर तेवढाच, याचा मला फार राग येतो.

शिवाय रेटिंगवाल्यांचं आपसात पटत नाही ते वेगळंच. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबॉन यांच्या २०२२ च्या पेपरात सहा एजन्सींच्या रेटिंगमधलं सरासरी कोरिलेशन (एकमेकांशी किती जुळतं ते, १ म्हणजे पूर्ण जुळलं) ०.५४ आलं होतं, आणि निम्म्याहून जास्त फरक एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतीने मोजल्यामुळे. त्यामुळे मी तरी ग्रेड नंतर बघतो, आधी एक टन सिमेंटमागे किती उत्सर्जन, विकत घेतलेलं क्लिंकर धरून, तो आकडा शोधतो.