कुत्री लाडात येत नाही, म्हणजे तिला आपला लळा नाही का?

खाकीवाली

नमस्कार मंडळी. इथं कुत्री पाळणारे बरेच आहेत म्हणून विचारते.

मी एसटीत वाहक आहे, राहायला सिन्नरला. घरात मी, नवरा, सासरे आणि भुरी. भुरी गावठी. कॉलनीमागं बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथं वॉचमनच्या खोपटापाशी असायची. काम संपलं, वॉचमन बिऱ्हाड घेऊन गेला, ही राहिली. सासऱ्यांनी आधी गेटाबाहेर भाकरी टाकायला सुरुवात केली, पावसाळ्यात ती पायरीवर आली आणि दिवाळीच्या सुमारास घरातच. आली तेव्हा पूर्ण वाढलेली होती, पिल्लू नव्हे. नसबंदी झालीय, लसी वेळेवर चालू आहेत.

आता प्रश्न. समोरच्यांचा लॅब्रडॉर मालक आला की वेडापिसा होतो. उड्या काय, तोंड चाटणं काय, जमिनीवर लोळण काय. शेजारीण कौतुकानं सांगते, "बघा, किती जीव लावलाय." भुरीचं यातलं काहीच नाही. मी ड्युटीवरून आले की उठते, अंग ताणते, शेपूट खालीच ठेवून थोडी हलवते आणि माझी पँट गुडघ्यापर्यंत सावकाश हुंगते. दिवसभरात दहा गावची धूळ बसलेली असते, तिला वाचायला बरंच मिळत असावं. हुंगून झालं की माझ्या पायाला टेकून बसते, तेही पाठ करून! चाटणं नाही. कवेत घेतलं की जांभई देते आणि तोंड दुसरीकडं फिरवते.

नवरा म्हणतो, "भाकरीपुरती आहे ती." सासरे म्हणतात तसं नाही, पण ते कायम तिचीच बाजू घेतात, त्यामुळे त्यांची साक्ष मी धरत नाही.

एक गोष्ट मात्र कळत नाही. माझी मुक्कामी गाडी असली की रात्री मी घरी नसते. त्या रात्री ती माझी घरातली एक चप्पल उचलून स्वतःच्या पोत्यावर नेते. चावत नाही, नुसती नेऊन ठेवते. आणि जेवण अर्धं टाकते. मग ह्याला काय म्हणायचं?

ठाणेकर_बीगलवाला

ताई, सोपी परीक्षा सांगतो. तिच्यासमोर बसा आणि डोळ्यांत डोळे घालून बघत राहा. जपानमध्ये संशोधन झालंय, कुत्रं आणि मालक एकमेकांकडं बघतात तेव्हा दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढतं. आई आणि बाळाचं होतं तेच. तिनं नजर फिरवली तर समजा मामला थंड आहे. आमचा तर टक लावून बघतो. अर्थात माझ्या हातात बिस्किट असतं तेव्हा जास्त, हे मान्य.

माणदेशी

बीगलवाले, असलं काही सांगू नका हो. अनोळखी गावठी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं तर दवाखान्याची पायरी चढावी लागंल.

ताई, आमच्याकडं कारवानी हाय. पायानं लांब, पोटानं खपाटीला गेलेलं, वाऱ्यागत पळणारं. आज्जाच्या काळात सशामागं सोडायचे, आता बंदी हाय आन ते बरंच हाय. हे कुत्रं कुणाच्या बापाचं तोंड चाटत न्हाई. नव्या माणसाला तर हातबी लावू देत न्हाई. पण वडील रानात गेलं की बांधावर जाऊन बसतं, तोंड रानाच्या बाहेर करून, रस्त्याकडं. वडील जागा बदलत्यात तसं तेबी सरकतं. मेंढरांच्या वाड्यावर बघा, कुत्रं मेंढराकडं बघत बसत न्हाई, अंधाराकडं बघत बसतं. तुमची भुरी पाठ करून बसती म्हंजी तुमच्या बाजूची काळजी तिला न्हाई. बाकीच्या तीन बाजू ती बघती.

खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंय, तेबी काय देवाचं तोंड चाटताना दाखवलेलं न्हाई.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त)

माणदेशी, तुमचं निरीक्षण चोख आहे. माझी अर्धी नोकरी तुमच्याच बाजूला, जत आणि आटपाडीकडं झाली. पशुधन विकास अधिकारी म्हणून कागदावर कुत्री माझ्या वाट्याला कमीच यायची. पण म्हशीचं बाळंतपण करायला रात्री वस्तीवर गेलं की आधी गाठ पडायची ती कुत्र्याशीच, त्यामुळे त्यांचं वागणं वाचायला शिकावं लागलं. जमेल तसं सांगतो, थोडं लांबेल.

आधी जांभईचं. कुत्रं झोप आली म्हणून जांभई देतंच, पण अवघडल्यावरही देतं. कवेत घेतल्यावर जांभई, तोंड फिरवणं, स्वतःचेच ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं "मला जरा सोड" असं सांगणं आहे. माणसाला मिठी म्हणजे माया, कुत्र्याला मिठी म्हणजे पळायचा रस्ता बंद. काहींना लहानपणापासून सवय असते, ती चालवून घेतात. भुरी बांधकामावर वाढलीय, तिला तो रस्ता मोकळाच हवा. ती गुरगुरत नाही, चावत नाही, नुसतं तोंड फिरवते, हाच तिचा तुमच्यावरचा भरवसा समजा. मिठी बंद करा. त्याऐवजी बसा, हात खाली ठेवा, ती आली तर छातीवर किंवा कानामागं खाजवा आणि मध्येच थांबा. ती नाकानं हात ढकलते का पाहा. ढकलला तर अजून हवंय. उठून गेली तर आजचं पुरे.

बीगलवाल्यांनी सांगितलेलं संशोधन खरं आहे. २०१५ साली जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मंडळींनी केलं, ऑक्सिटोसिन लघवीत मोजलं. पण त्यात कुत्री आपणहून मालकाकडं बघत होती. माणसानं रोखून बघणं वेगळं, त्याला कुत्र्यांच्या भाषेत धमकी म्हणतात. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांवर तोच प्रयोग केला तेव्हा ते मालकाच्या तोंडाकडं फारसे बघतच नव्हते आणि तो परिणामही दिसला नाही. म्हणून ताई, भुरी बसल्या जागेवरून, अंग सैल सोडून, डोळे अर्धे मिटून कधी तुमच्याकडं बघते का ते पाहा. तुम्ही भाकरी भाजताना नव्हे. तिकिटाच्या मशीनचे पैसे जुळवत बसला असाल तेव्हा.

आता "भाकरीपुरती आहे". ह्याचं उत्तर आपल्याच देशातून आलंय. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ च्या त्यांच्या एका कामात अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खायला दिलं आणि काहींना पुन्हा पुन्हा नुसतं कुरवाळलं. कुरवाळलेली कुत्री त्या माणसावर जास्त विसंबायला लागली. ही भुरीच्याच जातकुळीतली कुत्री, ज्यांना रोज दगड आणि काठ्या बघायला मिळतात. रस्त्यावर शिळं खाणं कुठंतरी सापडतं. त्रास न देणारा हात मिळणं अवघड.

मोठी झालेली कुत्री लळा लावत नाहीत, असंही पुष्कळ जण मानतात, तुम्हीही बहुधा त्याच धास्तीनं "पिल्लू नव्हे" असं लिहिलंत. बुडापेस्टला १९९८ मध्ये जोसेफ टोपाल, आदाम मिक्लोशी वगैरेंनी ५१ कुत्री आणि त्यांच्या मालकांवर एक चाचणी केली, जी मुळात लहान मुलांसाठी होती. अनोळखी खोली, मालक बाहेर जातो, परका आत येतो, मालक परत येतो. कुत्री मालक असताना खोलीत मोकळी हिंडतात, तो गेला की दाराशी थांबतात, आला की त्याच्याकडं धाव घेतात. मूल आईशी वागतं त्याच वळणाचं. पुढं २००१ मध्ये त्यांच्याच गटातल्या मार्ता गाची यांनी निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांवर हे करून पाहिलं. एकाच माणसानं त्यांना तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं हाताळलं होतं. तेवढ्यावरही ती कुत्री त्याच्याशी आपल्या माणसासारखी वागायला लागली. भुरी तुमच्याकडं पावसाळ्यापासून आहे.

लॅब्रडॉरच्या नाचाला मी कमी लेखत नाही, तीही मायाच. पण त्यात उतावळेपणा बराच असतो आणि तोंड चाटण्यात मिठाचा नि घासाचाही वाटा असतो. त्यावरून भुरीला मोजू नका. सबंध अंग ढिलं आहे का, कान मागं सैल आहेत का, तुम्ही आलात की ती लवकर निवांत होते का, हे बघा. शेपटीचंही थोडं आहे. इटलीतल्या २००७ च्या एका अभ्यासात मालक दिसल्यावर शेपूट कुत्र्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकत होती, पण ते व्हिडिओवर मोजलेलं. दारात उभं राहून मोजायला गेलात तर भुरीला वाटेल, बाईंना झालंय काय.

ठाणेकर_बीगलवाला

डॉक्टर, टक लावून बघण्याचा सल्ला मागं घेतो. मग आमचा रडतो ते काय? मी ऑफिसला निघालो की दार ओरबाडतो, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. बायको म्हणते, प्रेम करावं तर असं.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त)

ती घाबरगुंडी आहे, तिचं कौतुक नको. मालकाशी घट्ट असलेलं कुत्रं तो गेल्यावर थोडं खट्टू होतं आणि मग झोपतं. दार ओरबाडणं, लाळ गळणं, घरातच घाण करणं हा त्रास आहे. आधी दोन मिनिटं बाहेर जाऊन या, मग पाच, मग पंधरा, आणि निघताना निरोपाचा समारंभ करू नका. त्यानंही फरक पडला नाही तर जवळच्या पशुवैद्यांना दाखवा.

खाकीवाली

डॉक्टरकाका, माणदेशी, मनापासून आभार. मिठी बंद केली. काल हिशेब करताना मुद्दाम मान न वळवता तिरपं बघितलं तर ती खरंच बघत होती. मी बघितल्यावर तिनं डोळे मिटले, पण उठली नाही.

चपलेचं मात्र राहिलं. आणि पुढच्या आठवड्यात परत मुक्काम लागलाय, तेव्हा जेवणाचं काय करू?

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त)

चप्पल म्हणजे तुमचा वास. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना जागेपणी, भूल न देता एमआरआयच्या यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवलं आणि पाच वेगवेगळे वास दिले. स्वतःचा, ओळखीच्या नि परक्या कुत्र्याचा, ओळखीच्या नि परक्या माणसाचा. मेंदूचा जो भाग काहीतरी चांगलं मिळणार म्हणून जागा होतो, तो सर्वांत जास्त ओळखीच्या माणसाच्या वासाला जागा झाला. ते माणूस त्या वेळी तिथं हजरही नव्हतं. भुरी यंत्राशिवाय तेच करतेय.

चप्पल रबराची असेल तर एखाद्या दिवशी तुकडा तोडून गिळायची भीती असते. त्यापेक्षा न धुतलेला जुना सुती शर्ट द्या, बटणं काढून. खाकी चालेल.

जेवण अर्धं टाकणं एक रात्र असेल तर घाबरू नका. सासऱ्यांना नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी ताट ठेवू द्या. वीसेक मिनिटांनी उचलावं. मागं लागून, लाडीगोडी करून भरवू नये, नाहीतर न जेवण्याचंच वळण पडेल. पाणी पिणं थांबलं, किंवा तुम्ही परत आल्यावरही ती जेवली नाही, तर मात्र ते विरहाचं नाही. गोचीड तपासा, हिरड्या फिक्या पडल्यात का बघा आणि दवाखान्यात न्या. आपल्याकडं गोचीडतापाची सुरुवात जेवण टाकण्यानंच होते आणि लोक म्हणत बसतात, मालकिणीच्या आठवणीनं खात नाही.

खाकीवाली

शर्ट काढून ठेवला, बटणं सासरे काढतायत. गोचीड संध्याकाळी बघते.

नवरा हे सगळं मागं उभा राहून वाचतोय. विचारतोय, त्याची चप्पल का नेत नाही?

माणदेशी

दाजींना सांगा, "भाकरीपुरती" म्हणायचं सोडा आन आधी रोज थोडा वेळ कानामागं खाजवा. चपलेचं मागनं बघू.