माणसे किती, खर्च किती: देशोदेशीच्या घरखर्चाचे अनुभव

नोकरीसाठी परदेशी निघालेल्या माणसाला सगळे पगार विचारतात आणि तो आकडा रुपयांत फिरवून मोकळे होतात. घरात खाणारी माणसे किती, हे कोणी विचारत नाही. वास्तविक पगाराचा अर्थ त्यावरच ठरतो. वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांची तुलना करताना अर्थतज्ज्ञ बहुधा एक साधी मोजपट्टी लावतात: पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक प्रौढ ०.५ आणि चौदा वर्षांखालचे प्रत्येक मूल ०.३. या हिशेबाने नवरा, बायको आणि दोन लहान मुले यांना एकट्याच्या २.१ पट उत्पन्न पुरते, चौपट लागत नाही, कारण दिवा एकच जळतो आणि फ्रीजही एकच असतो. मात्र ही पट्टी प्रत्येक देशात सारखी लागू पडत नाही, असा माझा संशय आहे. ज्यांनी दोन देशांत, किंवा एकाच देशात आधी एकट्याने आणि मग कुटुंबासह संसार केला आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा. एकूण खर्चाच्या आकड्यापेक्षा खर्चाने उडी नेमकी कुठे घेतली, ते सांगितले तर अधिक उपयोग होईल.

जर्मनी, दोन मुले

आम्ही दोघे आलो तेव्हा माझ्या पगारातून आरोग्यविम्यासाठी जितके टक्के कापले जात होते, तितकेच दोन मुले झाल्यावरही कापले जात राहिले, कारण सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावता घरी असलेली जोडीदार आणि मुले त्याच हप्त्यात धरली जातात. शिवाय ‘किंडरगेल्ड’, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मिळतो. २०२३ पासून तो प्रत्येक मुलामागे महिना २५० युरो झाला आणि २०२५ मध्ये २५५. श्रीमंत-गरीब असा भेद त्यात नाही. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्कही २०१३ च्या ऑगस्टपासून आहे. हक्क आहे म्हणजे जागा आहे असे नव्हे, हे मात्र आम्ही सात ठिकाणी नावे नोंदवल्यावर शिकलो.

खर्चाने उडी घेतली ती घरभाड्यात. इथे जुन्या करारातले भाडे हळूहळू वाढते आणि नवा करार बाजारभावाने होतो. त्यामुळे दोन खोल्यांतून चार खोल्यांत जाताना खोल्या दुप्पट झाल्या, पण भाडे त्याहून बरेच अधिक वाढले. त्यात नवे घर स्वयंपाकघराविना मिळाले. भिंतीतून पाण्याच्या दोन तोट्या आणि शेगडीसाठी एक जाड वायर बाहेर आलेली, बाकी खोली रिकामी. ओटा, कपाटे, सिंक, सगळे आम्ही विकत आणून बसवले. मुलांच्या दुधाचा आणि कपड्यांचा खर्च मला आज आठवतही नाही, तो ओटा मात्र आठवतो.

स्वीडन, तीन मुले

आमचा हिशेब उलटा आहे. पाळणाघराच्या शुल्काला २००२ पासून कमाल मर्यादा आहे: पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी १, आणि त्या उत्पन्नालाही एक वरची मर्यादा. प्रत्येक मुलामागे ४८० दिवसांची पालकरजा मिळते, तिच्यातले ९० दिवस वडिलांचे आणि ९० आईचे, एकमेकांना देता न येणारे. कर भरपूर आहे, याबद्दल एकटा होतो तेव्हा मी पुष्कळ कुरकुर केली होती. आता करत नाही.

अमेरिका, तीन मुले

वरचे दोन अनुभव वाचून हेवा वाटला, हे आधी कबूल करतो. इथे १९९३ च्या केंद्रीय कायद्याने बाळंतपणाची १२ आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही लहान कंपन्यांत लागू नाही. पहिल्या मुलाच्या वेळी बायकोने सहा आठवड्यांनी कामावर जायला सुरुवात केली आणि आमचा सर्वांत मोठा खर्च घरभाडे नसून डे-केअर झाला. दुसऱ्याच्या वेळी ते शुल्क जवळजवळ दुप्पट झाले. भावंडाला मिळणारी सवलत नावापुरतीच होती.

तिसऱ्याच्या वेळी मात्र गंमत झाली. कंपनीच्या आरोग्यविम्याच्या ‘फॅमिली’ हप्त्यात एक मूल असले काय आणि तीन असली काय, आकडा तोच राहिला. कपडे, खेळणी, पाळणा सगळे आधीचेच होते. अडले ते गाडीवर. आमच्या सेडानच्या मागच्या आसनावर तीन कार-सीट बसतील का, म्हणून मी भर उन्हात टेप घेऊन वाकलो होतो. पाच सेंटिमीटर कमी पडत होते. त्या पाच सेंटिमीटरपायी आम्हाला मिनीव्हॅन घ्यावी लागली आणि तिच्याबरोबर मोठे कर्ज, जास्त विमा, जास्त पेट्रोल आले. इथल्या शेती खात्याने २०१५ साली जन्मलेल्या मुलाला सतराव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा मध्यम उत्पन्न गटाचा खर्च २,३३,६१० डॉलर काढला होता. दोन मुलांच्या घरात एका मुलावर होतो त्यापेक्षा एकुलत्या मुलावर २७ टक्के जास्त खर्च होतो, असेही त्यात होते. सरासरी म्हणून ते खरे असेल; पण आमच्या घरी खर्च सरासरीने वाढला नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढला.

दुबई, तीन मुले

‘तुम्हाला काय, आयकर नाही’ हे वाक्य ऐकून आता कंटाळा आला आहे. आयकर नाही, तसा मुलांसाठी परदेशी नोकरदाराला भत्ताही नाही. सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या असल्यामुळे आमच्यासारख्यांची मुले खाजगी शाळेतच जातात. मोजपट्टीतला तो ०.३ इथे विसरावा. शाळेचे शुल्क गुणिले तीन, आरोग्यविमा आणि व्हिसा माणशी वेगळा, आणि सुट्टीत मायदेशी जायची विमानाची तिकिटे गुणिले पाच. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन नेले तर भाड्याचा दहावा भाग वगैरे पडतो. दुसऱ्या वाढदिवसापासून स्वतंत्र आसन घ्यावे लागते. धाकटीचा वाढदिवस परतीच्या प्रवासाच्या चार दिवस आधी येत होता. रजा आठवडाभर अलीकडे घेता येईल का, असे साहेबांना विचारताना मी कारण सांगितले नाही.

एकटा असताना इथे मी जेवढी शिल्लक टाकली, तेवढी पुन्हा जमली नाही. माझ्या मते ही एकट्याने येऊन कमावण्याची जागा आहे. निवृत्तिवेतन नाही, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. म्हणजे शिल्लक हेच आमचे म्हातारपण, आणि ते शाळेत भरले जात आहे.

इंग्लंडहून परतलेले, घरात सहा जण

आमच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा हक्क नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असे, त्यामुळे शेजाऱ्याइतकाच कर भरूनही मुलांचा सरकारी भत्ता आम्हाला मिळत नसे. एका देशात राहणाऱ्या दोन सारख्या कुटुंबांचे हिशेबही निराळे असतात, हे वरच्या तुलनांत राहून गेले आहे, म्हणून लिहितो.

परतल्यावर आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले असे घर झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.७ आला; मुलांच्या संख्येत आम्ही युरोपाजवळ पोचलो आहोत, पण आजी-आजोबा घरात असल्याने डोकी जास्त भरतात. मोजपट्टीने आमचा आकडा २.१ वरून ३.१ झाला. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी एकूण खर्च फारसा हलला नाही. घरखर्चाची वही आम्ही तीच ठेवली होती. इंग्लंडमध्ये छापील रकान्याखाली हाताने लिहिलेले ‘पाळणाघर’ हे सदर आईने एका रेघेने खोडले आणि त्याच ओळीत पुढे ‘औषधे’ असे लिहिले.