बडोदेकरांनो, पार्कच्या सहलीत पैसे कुठे वाचवलेत? अनुभव लिहा

दांडियाबाजारची_सून
जावेचा सकाळीच फोन. दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून खोपोलीला इमॅजिकाला जायचं आणि हिशेब मी मांडायचा, कारण मी कॉमर्सची. मांडला. आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, यात नवा फ्रिज येईल, तोही मोठा.

आणि मला आमचे बाबा आठवले. आमच्या लहानपणी एस्सेल वर्ल्डची हवा होती. १९८९ साली सुरू झालेलं, २०२२ मध्ये बंद पडलं. बाबांनी रात्रीच्या गाडीने नेलं, बोरिवलीच्या आत्याकडे आंघोळ-पोहे, मग गोराईची फेरीबोट. खिशातल्या डायरीत ते खर्च लिहायचे आणि शेजारी दुसरं सदर असायचं, 'वाचले'. म्हणजे आम्ही जे मागितलं आणि त्यांनी घेतलं नाही ते. टोपी, वाचले. फोटो, वाचले. दुसरं आइस्क्रीम, वाचले. परतीच्या गाडीत आईने दोन्ही सदरांची बेरीज केली आणि म्हणाली, एवढे वाचलेत ना, मग मला साडी घ्या. डायरी मिटली ती बडोदा येईपर्यंत उघडली नाही.

तर तुम्ही काय काय करता ते सांगा. कुठलंही पार्क चालेल, वॉटर पार्क पण.

मकरपुरा_नाका
दिवाळीत जाऊच नका, 'वाचले'मध्ये पहिली नोंद हीच. बेसतुं वर्ष (गुजराती पाडवा) ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) अख्खं गुजरात गाडीत बसलेलं असतं. लोणावळा घ्या, अबू घ्या, हॉटेलवाला जीजे पासिंगची गाडी बघूनच भाव सांगतो. लाभपाचमला शेठलोकांची दुकानं उघडली की दोन-चार दिवसांत सगळं ओस. आणि आपल्या गुजरात बोर्डाला दिवाळीची सुट्टी २१ दिवस, म्हणजे बापांची सुट्टी संपते, पोरांची नाही! त्यातला मंगळवार-बुधवार धरा. बहुतेक पार्कांचं तिकीट शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी कमी असतं, तारीख टाकून आधी काढलं तर अजून कमी. आमची पोरगी एका राइडवरून उतरली आणि तशीच फिरून परत बसली, मागे कोणी नव्हतंच. असल्या दिवशी ते रांग टाळायचं, जादा पैशांचं फास्ट-ट्रॅक तिकीट घेणारा माणूस मला बघायचाय.

सीबीएसई_पीडित
२१ दिवस म्हणे. आमच्या शाळेत फटाके विझायच्या आत पहिला तास सुरू.

मकरपुरा_नाका
मग वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. १५ जानेवारीला आपल्याकडे सुट्टी, महाराष्ट्रात नाही. पार्क मोकळं.

वाडीवाली_मावशी
उत्तरायणला बडोदं सोडायचं? तुझ्या वाटचा उंधियू कोण खाणार, शेजारी?

पतंग_काटनार
मावशींना अनुमोदन. दोन दिवस गच्ची सोडायची नाही, पार्क गेलं खड्ड्यात.

खिडकी_नंबर_४
मी रेल्वेच्या बुकिंगवाला, रिटायर्ड. गाडीचं मी सांगतो. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बर्थ पण नाही. ५ ते १२ मधल्याला बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, नाही मागितला तर अर्धं. २०१६ पासून असंच आहे, तरी लोक अजून वाद घालतात की अर्ध्यात बर्थ मिळतो. बारकं पोर असेल तर आईजवळ झोपतं, बर्थ मागू नका. १० वर्षांचा दांडगोबा असेल तर गुपचूप पूर्ण पैसे भरा, नाहीतर आई रात्रभर खिडकीला टेकून बसेल आणि दुसऱ्या दिवशी पार्कात सगळ्यांवर तिची चिडचिड. तो खर्च कुठल्या सदरात लिहिणार?

आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. सणाच्या दिवसांत परतीचं तिकीट आधी काढा, जायचं नंतर. जायला माणूस कसाही जातो.

दांडियाबाजारची_सून
काका, खोपोलीला नक्की कसं जायचं? गाडी करून नाही जायचंय, त्यातच निम्मे पैसे जातात.

खिडकी_नंबर_४
कल्याणला थांबणारी पुण्याची गाडी बघा, तिथून खोपोली लोकल. कर्जतच्या लोकल भरपूर, खोपोलीच्या मोजक्या, म्हणून वेळापत्रक बघून निघा. स्टेशनवरून रिक्षा. जाऊबाई बॅगा किती आणतात त्यावर रिक्षा किती ते ठरेल. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ते आठवलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आता थांबतो.

चिकूची_आई
आमच्याकडे वेगळीच गंमत. पुष्कळ पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. गेटजवळ पट्टी रंगवलेली, तिच्याखाली उभं करतात. चिकूचा बाबा कानात सांगतोय, सरळ उभा राहू नको रे, सैल सोड अंग. आणि चिकूला मोठ्या राइडमध्ये बसायचंय, तिथे अमुक उंची नसेल तर घेत नाहीत हे त्याला त्याच्या मित्राने शाळेतच सांगून ठेवलेलं. म्हणून हा टाचा वर करून, मान ताणून, वर केस पण उभे केलेले! गेटवरच्या दादाने हाताने केस दाबले, खांदा धरून टाचा खाली टेकवल्या, तरी पट्टीच्या वरच. मोठ्यांचं तिकीट लागलं. बाप दिवसभर त्याला 'काय हो साहेब' म्हणून हाक मारत होता.

घरून निघतानाच उंची मोजा, एवढंच माझं. आणि पार्कच्या साइटवर कुठल्या राइडला किती उंची लागते ते दिलेलं असतं. आत जाऊन रडारड नको.

फतेगंज_टू_सिंगापूर
इकडे वयावर असतं. युनिव्हर्सल स्टुडिओजला ४ वर्षांखाली फुकट, ४ ते १२ मुलांचं तिकीट. हाँगकाँगच्या डिस्नीलँडला ३ वर्षांखाली फुकट. म्हणून आमच्याकडे येणारे सगळे पोराच्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यातच का येतात ते मला आता कळलंय. आल्यावर पासपोर्ट दाखवतात, अभिमानाने.

सेंटोसाला (युनिव्हर्सल याच बेटावर आहे) मोनोरेलने येऊ नका, विवोसिटी मॉलमधून बोर्डवॉकने चालत या, पैसे लागत नाहीत, सरकता पट्टा पण आहे. आणि पोटभर खाऊन मगच आत शिरा, मॉलच्या फूड कोर्टात आतल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. येताना लिलो चेवडो (आपला बडोद्याचा ओला चिवडा) आणा प्लीज. माझ्यासाठी.

वाडीवाली_मावशी
पत्ता पाठव ग, जाणारं कोणी असेल तर देते. भाकरवडी पण हवी का?

फतेगंज_टू_सिंगापूर
मावशी तुम्ही देवमाणूस. हो.

थेपलेवाली_वहिनी
मुख्य मुद्दा कोणी लिहितच नाही. तिकिटात नाही हो जात पैसे, आत गेल्यावर जातात. एका वॉटर पार्कच्या गेटवर (नाव नाही लिहीत) माझी पिशवी उघडली, मेथीचे थेपले, छुंदा, सुकी भाजी, सगळं बाहेर. बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी सोडली. थेपले परत गाडीत ठेवून या म्हणे. गाडी कुठे, आम्ही बसने आलेलो! शेवटी गेटच्या बाहेर कट्ट्यावर बसून सगळ्यांनी सकाळी साडेनऊलाच जेवण उरकलं. आणि खरं सांगते, तेच बरं झालं. चार वाजेपर्यंत कोणाला भूक नाही. आता आम्ही मुद्दामच तसं करतो. गेटवर आधी विचारायचं, हातावर शिक्का मारून परत आत सोडता का? सोडत असतील तर दुपारचं पण बाहेर. नसतील तर आतलं जेवण साडेअकराला घ्यायचं, एकला नाही. एकला मुलं भुकेली, रांग मोठी, आणि मग बाप वैतागून जे समोर दिसेल ते घेतो.

थेपल्याच्या पिठात दही आणि मोहन जरा सढळ घाला, दोन दिवस मऊ राहतात. पाणी अजिबात नाही.

रावपुरा_राजा
दुधीचे की मेथीचे टिकतात?

थेपलेवाली_वहिनी
मेथीचे. दुधीला पाणी सुटतं.

बाबाजीपुरा_बॉइज
आम्ही सकाळी सेव-उसळ खाऊन निघतो, तर्री मारून. संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. राइडमध्ये बसल्यावर काय होतं ते विचारू नका.

पुण्याहून_आलेली
सेव-उसळ म्हणजे पावाबरोबरची मिसळच ना

बाबाजीपुरा_बॉइज
नाही.

मकरपुरा_नाका
नाही.

वाडीवाली_मावशी
नाही ग बाई.

आकडेमोड_सीए
तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो हे धरून हिशेब करा, काही ठिकाणी जाहिरातीतला आकडा 'अधिक कर' असतो. पूर्वी २८ होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ केला. आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगतो: एलटीएमध्ये (नोकरीत मिळणारा प्रवास भत्ता, त्यावरची करसवलत) फक्त प्रवासाचं भाडं धरतात, पार्कचं तिकीट, हॉटेल, जेवण काही नाही. नव्या करप्रणालीत असाल तर तेही नाही.

सीबीएसई_पीडित
सर माझ्या फॉर्म १६ मध्ये एक घोळ आहे, मेसेज केला तर चालेल का?

आकडेमोड_सीए
करा. पण मार्चमध्ये नको.

आजव्याचा_पाहुणा
इतक्या लांब कशाला पळता? इथे जवळच आजव्याला आतापी पार्क आहे, राहायचं नाही, आगगाडी नाही, रात्री घरच्या गादीवर. मुलांना तेवढंच पुरतं, खोपोलीचा हट्ट मोठ्यांचाच असतो असं माझं मत. आणि कामाटीबागेत प्राणी, म्युझियम सगळं एका दिवसात होतं. पुण्याची भाचरं आली तर मी आधी तिथेच नेतो.

चिकूची_आई
भाचरं खूश होतात का पण?

आजव्याचा_पाहुणा
लहान होती तोवर झाली. आता मोबाइलवर इमॅजिका दाखवतात मला.

प्रतापनगरची_पोर
केवडिया पण धरा, सरदार पटेलांचा पुतळा. प्रतापनगर स्टेशनवरून एकतानगरला (केवडियाचंच नवं नाव) मेमू लोकल जाते, गाडी करण्यापेक्षा खूपच स्वस्त. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आमच्या शेजारचे जाऊन हात हलवत आले. तिथे प्रत्येक गोष्टीचं तिकीट वेगळं: पुतळा, जंगल सफारी, मुलांचं न्यूट्रिशन पार्क, सगळंच घेत गेलात तर पाकीट रिकामं आणि एका दिवसात बघून होत पण नाही. बारकी मुलं असतील तर वरच्या गॅलरीचं तिकीट सोडा. पुतळा १८२ मीटर आहे, पायाशी उभं राहून वर बघण्यातच मजा आहे, आमचा धाकटा अंगठ्याच्या नखाजवळच अर्धा तास रमला. न्यूट्रिशन पार्कमध्ये मिनी ट्रेन आहे, ती घ्या.

बँकेतले_आजोबा_यांची_सून
आमच्या सासऱ्यांची पद्धत सांगते. पार्कच्या दारात प्रत्येक नातवंडाच्या हातात सारख्या रकमेचं पाकीट. तिकीट आणि जेवण मोठ्यांकडे, बाकी फुगा-टोपी-फोटो-आइस्क्रीम सगळं त्यातून. उरले तर तुमचे. मोठीने दिवसभर पाकीट उघडलं नाही, नळाचं पाणी प्यायली. धाकट्याने दुकानात शिरल्या शिरल्या दिवे लागणारी तलवार घेतली आणि दुपारी आइस्क्रीमसाठी तिच्याकडून कर्ज काढलं. व्याजाने! तिने वहीच्या पानावर सही घेतली. आम्ही ओरडणार तर आजोबा म्हणाले, दोन्ही पक्ष राजी आहेत, तुम्ही मध्ये पडू नका. तलवारीचे दिवे गाडीतच विझले, हप्ते अजून चालू आहेत.

'घेऊन दे ना' हे मात्र ऐकू आलं नाही दिवसभर.

दांडियाबाजारची_सून
हे भारी आहे!! पाकिटं करतेच. जावेच्या मोठ्याला कळलं तर तो बँकच काढेल.

मकरपुरा_नाका
त्याला सांग सहकारी काढ.

चिकूची_आई
वॉटर पार्कवाल्यांसाठी: कॉटनचे कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. तिथे भाड्याने घेतले तर भाडं आणि वर डिपॉझिट, सगळ्यांचं मिळून बरंच होतं, आणि काल कोणी घातले होते देव जाणे. मंगळबाजारात मिळतात, घासाघीस केली तर भाड्याच्या आसपासच पडतात आणि पुढच्या वर्षीही चालतात. लॉकर सगळ्यांत मिळून एकच घ्या, त्यासाठी सामान कमी न्या. ओल्या कपड्यांना दुधाच्या जाड पिशव्या धुऊन ठेवते मी.

थेपलेवाली_वहिनी
मंगळबाजारात कुठे ग? न्यायमंदिराच्या बाजूने की आत?

चिकूची_आई
आत, भांडीवाल्यांच्या आधी. मी उद्या जाणारच आहे. कोणाला हव्या असतील तर रात्री ९ पर्यंत साइज लिहा.

थेपलेवाली_वहिनी
एक मिडियम मुलीची, एक ३८ पुरुषांची. रंग कुठलाही, गुलाबी सोडून.

खिडकी_नंबर_४
मला नको. मी काठावर बसून सामान सांभाळतो.

वाडीवाली_मावशी
मला डबल एक्सएल फुल पँट, काळी. पाण्यात नाही जायचंय, सकाळी कामाटीबागेत चालायला बरी पडेल.