मदत हवी आहे: पहिल्याच लढाईत सगळे मेले, रविवारी काय करू?

शंकासुर: लोकहो जरा पटकन सांगा, रविवारी परत बसायचंय. फासे टाकून गोष्ट खेळायचा रोल-प्लेइंग खेळ पहिल्यांदाच खेळलो, मी डीएम होतो, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा. गोष्ट मस्त रंगलेली, जंगलात गाडी उलटून पडलीये, तिघा खेळाडूंची पात्रं वाकून बघतायत, तेवढ्यात झुडपातून गॉब्लिन आले आणि वीस मिनिटांत तिघंही आडवे. जादूगारवाला तर रुसून फोनच बघत बसला. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. गॉब्लिन एवढे भारी असतात का? सोपे राक्षस कुठले तेवढं सांगा.

वीस_आला: खेळ कुठला, डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) की पाथफाइंडर? आवृत्ती कुठली, लेव्हल किती, गॉब्लिन किती?

शंकासुर: डीअँडडीच, अजून काय असणार. पाचवी, २०१४ ची. लेव्हल एक.

जुना_खेळाडू: लेव्हल एकला मरायचंच असतं हो! आमच्या जुन्या नियमांत जादूगाराला चार बाजूंचा फासा टाकून येतील तेवढेच हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, आणि दिवसाला एक जादू. मेला की नव्या पात्राचा कागद घ्यायचा. हल्ली सगळ्यांना लाडावून ठेवलंय.

कागद_पेन्सिल: काका, ते पहिल्यांदाच खेळतायत, त्यांना इतिहास नकोय. शंकासुर, माझं ऐका, पुठ्ठ्याचा पडदा उभा करा, फासा त्याच्याआड टाका. जास्त लागायला लागलं की "हुकला" म्हणायचं. कोण बघतंय?

वीस_आला: अजिबात नको. एकदा कळलं ना की डीएम आकडे बदलतो, की फाशाला कोणी विचारत नाही. मी एका ग्रुपमध्ये हे भोगलंय.

निवांत_पाखरू: फासे सात लागतात बरं का. ४, ६, ८, १०, १२, २० आणि टक्क्यांसाठी अजून एक दहाचा.

जुना_खेळाडू: हे कोणी विचारलं?

वीस_आला: शंकासुर, एक हल्ला जसा केलात तसा लिहा. फासा किती, मिळवलं काय.

शंकासुर: त्याने काय होणारे? बरं. वीसच्या फाशावर ६ आले. गॉब्लिनची डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, म्हणजे २०. जादूगाराची एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १२, लागला. असं प्रत्येक वेळी.

वीस_आला: सापडलं! अख्खे १४ मिळवायचे नसतात. १४ मधून १० वजा, उरले त्याचे अर्धे, म्हणजे अधिक २, हा मॉडिफायर. त्यात प्रॉफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, २. एकूण ४, आणि ते गॉब्लिनच्या हल्ल्यापुढे लिहिलेलंच असतं. ६ आणि ४ दहा, म्हणजे तो वार हुकला होता. तुमच्या हिशोबाने फाशावर २ आले तरी १६, मग १६ एसीचा, चेनमेल (साखळ्यांचं चिलखत) घातलेला फायटरसुद्धा वाचत नाही. खेळाडूंच्या कागदावर आयतं "+५" छापलेलं असणार, म्हणून त्यांचं बरोबर आलं.

शंकासुर: आईशप्पथ. हो, छापलेलंच होतं. पण आता तर मेले ना सगळे.

कागद_पेन्सिल: हिट पॉइंट शून्यावर आले की लगेच मेले असं धरलंत का?

शंकासुर: मग शून्य म्हणजे काय असतं?

कागद_पेन्सिल: बेशुद्ध हो. आपल्या पाळीला वीसचा फासा टाकायचा, १० किंवा वर आला तर जमलं. तीनदा जमलं की जीव टिकला, तीनदा चुकलं की मेला. थेट २० आले तर एका हिट पॉइंटने उठून बसतो. शिवाय जवळून शेवटचा घाव घालणाऱ्याला जीव न घेता नुसतं पाडायची मुभा नियमातच आहे. गॉब्लिन तलवारीनेच मारत होते ना? मग रविवारी तिघं गुहेत जागे होतात, हात बांधलेले, सामान गायब. पडद्याचीही गरज नाही.

वीस_आला: हे झकास. आणि हिशोब चुकला होता हे आधी तिघांना सरळ सांगून टाका.

निवांत_पाखरू: डीएमला मराठीत सूत्रधार म्हणता येईल.

जुना_खेळाडू: सूत्रधार नाटकात. इथे डीएमच म्हणा.

निवांत_पाखरू: का बरं? इथेही नाटकच चाललेलं असतं.

शंकासुर: तुमचं चालू द्या. जादूगारवाल्याला गुहेचं सांगितलं, म्हणतो दोरी जाळायची जादू आहे माझ्याकडे, म्हणजे येतोय. थँक्स सगळ्यांना. मग आता परत सहाच गॉब्लिन ठेवू ना?

वीस_आला: सहा??? तिघांना??