हुकूमशाही भीतीवर टिकते की मेहेरबानीवर?

महालकर:
काल इथे एका भाऊंनी लिहिलं, "जनताच भित्री असते, म्हणून हुकूमशहा टिकतात." डोकं फिरलं वाचून. जून १९८९ मध्ये बीजिंगमध्ये लोकशाही मागताना मेले ते भित्रे होते? त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीत लाइपझिगच्या रस्त्यावर राजवटीविरुद्ध ७० हजार माणसं उतरली. फरक बंदूकवाल्यांत होता: बीजिंगमध्ये सैन्याने गोळ्या घातल्या, लाइपझिगमध्ये गोळीचा हुकूमच निघाला नाही. इजिप्तच्या मुबारकला लोक उठल्यावर सैन्याने सोडलं, १८ दिवसांत गेला. सीरियाच्या असादला बहुतांश सैन्याने धरून ठेवलं, तो डिसेंबर २०२४ पर्यंत बसला. बंदूक, फाइल आणि ठेका ज्यांच्या हाती, त्यांची सोय होते तोवर राजवट टिकते.

धंतोलीकर:
ते मीच लिहिलं. पूर्व जर्मनीच घ्या. श्टाझीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, पगारी ९० हजारांवर, खबरे त्याच्या जवळपास दुप्पट. शेजारी कोण आहे हेच कळत नसेल तर माणूस बोलेल कसा? आणीबाणीत आमचे बाबा रेडिओ कानाला लावून बीबीसी ऐकत. घरात!

वर्धा रोड:
काहून बाप्पा, एवढी भीती होती तर १९७७ ला उत्तरेत काँग्रेस साफ कशी झाली? आणि नागपुरातून काँग्रेसचेच गेव्ह आवारी निवडून आले, ते बी भीतीनं का? लोकांना शिस्त आवडली होती, हे मान्य करा ना जी.

अजनीची मावशी:
शिस्त? माझे काका शाळामास्तर. नसबंदीच्या केसेस आणा, नाही तर पगार थांबेल, असं सांगितलं होतं. मामा मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, आत गेले, खटला नाही, काही नाही. आणीबाणीत आत गेलेल्यांना राज्य सरकारचं मानधन २०१८ ला सुरू झालं, २०२० ला बंद, २०२२ ला परत सुरू. मामांचा अर्ज कागदाअभावी पडूनच राहिला.

वर्धा रोड:
लढा तत्त्वासाठी होता तर पैसे कशाला पाहिजेत? तो पैसा विदर्भाच्या शेतकऱ्याला द्या.

अजनीची मावशी:
तुमच्या घरचं कोणी आत होतं? मामी शिवणकाम करून घर चालवत होती. तिच्यासमोर बोलून दाखवा हे.

वर्धा रोड:
मामीबद्दल आदर आहे, ताई. पण सरकार बदललं की चालू-बंद होणारं मानधन मला पटत नाही.

महालकर:
मानधनाचा वेगळा धागा काढा. एप्रिल १९७६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठवा. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी सांगितलं, एकटे खन्ना विरोधात. पुढे खन्नांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. बाकीच्यांना संदेश पोचला. खबऱ्यांची भीती होती, तेवढं मानतो. पण नुसत्या भीतीवर भागलं असतं तर बढत्या वाटाव्या लागल्या नसत्या.

धंतोलीकर:
बढत्यांचं ठीक आहे. पण मावशींच्या काकांना कोणती बढती मिळत होती? पगार थांबण्याची धमकीच होती ना?

महालकर:
धमकी होती. ती देणाऱ्या साहेबाची खुर्ची कशावर टिकून होती, तेवढं सांगा.